निरुद्योगी नाण्यांचे माहात्म्य

पैशासाठी मनुष्य काय काय करतो याची मीमांसा संतांपासून अर्थशास्त्रज्ञांपर्यंत अनेकांनी केलेली असली, तरी पैसे देऊन पुन्हा पैसेच विकत घेणारा, एका पेनीसाठी शेकडो पौंड मोजून वर आपणच बाजी मारली अशा समाधानात रात्री स्वस्थ झोपणारा जो एक मनुष्यवर्ग आहे, त्याच्याकडे या थोरांचे दुर्लक्षच झालेले दिसते. हा वर्ग कंजुषांचा नव्हे, कारण कंजुषाला नाण्यावरचा चेहरा कोणाचाही चालतो. आणि उधळ्यांचाही नव्हे, कारण एकदा हाती आलेले नाणे हा मनुष्य देवापुढच्या दानपेटीतसुद्धा टाकणार नाही. त्यास नाणेसंग्राहक म्हणतात. ही जात सर्व देशांत आढळते. परंतु ब्रिटिश नाण्यांच्या संग्राहकाइतका चिवट, शास्त्रोक्त आणि आपल्या वेडाविषयी गंभीर असा नमुना अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळतो, आणि त्याचे कारण त्या बिचाऱ्याच्या स्वभावात नसून त्याच्या राष्ट्राच्या चलनात आहे.

ज्या राष्ट्राने १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड, दोन शिलिंगांचे फ्लोरिन, अडीच शिलिंगांचे हाफ-क्राउन आणि २१ शिलिंगांची गिनी असा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी पोरांकडून घोकून घेतला, आणि १८१७ साली सॉव्हरिन आल्यावर गिनी व्यवहारातून मावळली तरी वकील, वैद्य आणि चित्रकार यांना आपली बिले गिनीतच मांडू दिली, म्हणजे दर पौंडामागे एक शिलिंग बिनबोभाट अधिक मिळत राहावा, त्या राष्ट्रात नाण्यांविषयी गूढ श्रद्धा उत्पन्न न होती तरच नवल. आमच्याकडेही १६ आणे, ६४ पैसे आणि १९२ पया यांचे त्रैराशिक होतेच; पण १ एप्रिल १९५७ रोजी आम्ही दशमान पद्धती स्वीकारून मोकळे झालो, आणि साहेबाला तेवढ्याच कामासाठी १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत विचार करावा लागला. राज्यकर्त्यांनी आपल्या माजी प्रजेचे १४ वर्षांच्या विलंबाने अनुकरण केल्याचा हा प्रसंग शालेय इतिहासात का घालीत नाहीत, हे मला कळत नाही.

परंतु संग्राहकाच्या दृष्टीने हा विलंब म्हणजे पर्वणीच होती. ब्राँझची पेनी १८६० साली निघाली आणि दशमान येईपर्यंत ती चालतच राहिली. त्यामुळे १९६० च्या सुमारास लंडनमधल्या एखाद्या गृहिणीने भाजीवाल्याकडून मोड घेतली, तर तिच्या पाकिटात व्हिक्टोरिया, तिचा पुत्र, पौत्र, प्रपौत्र आणि त्या प्रपौत्राची कन्या अशा पाच पिढ्या एकमेकींवर आपटत घरी येत. पदार्थसंग्रहालय ज्यांच्या कनवटीलाच लावलेले आहे, त्यांनी संग्राहक व्हावयाचे नाही तर दुसरे काय व्हावयाचे? पोरे संध्याकाळी आईचे पाकीट उपडे करून सालाच्या डाव्या अंगाला बारीक ‘एच’ किंवा ‘केएन’ आहे की काय हे भिंग लावून पाहत. कारण १९१८ आणि १९१९ साली सरकारी टांकसाळीने आपले काही काम बर्मिंगहॅमच्या दोन खाजगी कारखान्यांकडे सोपविले होते, आणि त्या कारखान्यांची ही खूण असलेली पेनी बाकीच्या पेन्यांहून वरच्या जातीची गणली जाई.

आता या जातिव्यवस्थेविषयी. नाण्याचे मोल ठरते ते त्याच्या वयावर, असा सर्वसामान्य माणसाचा भाबडा समज असतो. दोन हजार वर्षांचे रोमन तांब्याचे नाणे चहा-पावाच्या खर्चात मिळते आणि काल-परवाची एखादी पेनी घर गहाण टाकूनही मिळत नाही, हे कळल्यावर तो समज मावळतो. मोल ठरते ते दोन गोष्टींवर: अशी नाणी किती उरली आहेत, आणि जे समोर आहे ते कोणत्या अवस्थेत आहे. या अवस्थेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. सर्वांत तळाला ‘पूअर’, त्यावर ‘फेअर’, त्यावर ‘गुड’, मग ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘एक्स्ट्रीमली फाइन’, पुढे चलनात न फिरलेले ‘अनसर्क्युलेटेड’, आणि शिखरावर फ्रेंच नाव धारण करणारे, ठशातून नुकतेच उतरलेले निर्दोष नाणे. जिच्यावरील राणी केवळ बाह्यरेषेवरून आणि राजनिष्ठेच्या बळावर ओळखावी लागते, अशी पेनीसुद्धा ‘गुड’ या सदरात बसते, यावरून ही शिडी रचणाऱ्यांचे दाक्षिण्य ध्यानी यावे.

लंडनच्या हॅरो भागात स्थायिक झालेल्या आमच्या एका स्नेह्यांनी मला ही विद्या एका संध्याकाळी शिकविली. त्यांनी व्हिक्टोरियाची १८६० सालची पेनी कडेला दोन बोटांच्या चिमटीत धरली (नाण्याच्या तोंडाला बोट लावणे हे त्या पंथात महापातक होय), दिव्याखाली ती किंचित तिरपी केली आणि म्हणाले, “कानाच्या वर बघा. केसांच्या बटा वेगळ्या दिसतात की नाही?” राणीने केसांचा अंबाडा घातला होता, त्याला फीत बांधली होती, आणि कानावरून मागे गेलेल्या तीन-चार बटा खरोखरीच सुट्या दिसत होत्या. “नाणे झिजते ते आधी इथे. आणि मागच्या बाजूला ब्रिटानियाच्या शिरस्त्राणावर. बटा एकमेकींत मिसळल्या की किंमत उतरली.” मग त्यांनी तिची दुसरी बहीण दाखविली. हिच्या मागील बाजूस ब्रिटानिया त्रिशूळ घेऊन बसली होती, तिच्या एका बाजूचा दीपस्तंभ शाबूत होता, दुसऱ्या बाजूचे जहाज मात्र बुडाल्यात जमा होते. आणि पुढील बाजूस राणीच्या अंबाड्याचा नुसता उंचवटा उरला होता. पहिलीची किंमत त्यांनी सांगितली ती मी येथे लिहीत नाही, कारण ती त्यांनी घरात कोणास सांगितलेली नव्हती. दुसरी त्यांना एका परिचिताने सुपारीच्या डबीतून काढून फुकट दिली होती.

या दोन पेन्यांच्या चरित्रांचा विचार करता करता मला त्या संपूर्ण शास्त्राचे नैतिक अधिष्ठान उमगले. दुसरी पेनी शंभरांहून अधिक वर्षे राबली होती. तिने ट्रामची तिकिटे काढली, दूधवाल्याची उधारी फेडली, चर्चच्या थाळीत ती पडली, जुगारात हरली, कोणा पोराला गोळ्या घेऊन दिल्या. आणि ज्या कामासाठी तिला जन्म दिला होता, ते काम तिने राणीचे नाक झिजेपर्यंत केले. पहिली पेनी कोणाच्या तरी मेजाच्या खणात जन्मभर पडून होती. तिने एका दमडीचाही माल विकत घेतला नाही. आणि संग्राहकांच्या दरबारात मानाचा विडा मिळाला तो या निरुद्योगी पेनीला! कर्तव्यदक्षता हा दोष आणि निष्क्रियता हा गुण मानणारे हे शास्त्र प्रथमदर्शनी विचित्र वाटते खरे; परंतु ज्यांनी सरकारी खात्यांतील बढत्यांची फर्माने जवळून पाहिली आहेत, अशा अनुभवी वाचकांना ते तितकेसे अपरिचित वाटू नये.

झिजण्यात आणखीही एक धोका असतो. त्यातून सत्य बाहेर पडते. आठव्या हेन्रीला बायकांप्रमाणेच पैशाचीही सदैव चणचण भासत असल्यामुळे त्याने १५४४ पासून आपल्या चांदीच्या नाण्यांत तांब्याची भरताड सुरू केली, ती इतकी की पुढे चांदी नावालाच, म्हणजे पृष्ठभागावरच, उरली. दुर्दैवाने त्याच सुमारास महाराजांनी आपली तसबीर एका बाजूने न काढविता समोरून काढविली होती. समोरच्या चेहऱ्यात सर्वांत उंच भाग नाकाचा. बाजारात चार दिवस फिरताच नाकावरची चांदी उडे आणि आत दडलेले तांबे लालबुंद होऊन प्रकट होई. प्रजेने राजाला ‘तांब्याच्या नाकाचा’ ही पदवी दिली. असली हिणकस आणि नाक गेलेली नाणी आज संग्राहक मोठ्या आवडीने घेतात. अप्रामाणिकपणाला पुरेशी वर्षे लोटली की त्याचा पुराणवस्तूत समावेश होतो.

या पंथातील दुसरे महापातक म्हणजे स्वच्छता. ब्राँझवर वयाबरोबर जो काळसर तपकिरी थर चढतो, चांदीवर जी निळसर-करडी छटा येते, ती या मंडळींच्या मते नाण्याची अब्रू असून ती घासून काढणाऱ्यास क्षमा नाही. आमच्या त्या स्नेह्यांच्या मातोश्री एका वर्षी पुण्याहून त्यांच्याकडे राहावयास गेल्या होत्या. खंडेनवमीस घरातली उपकरणे उजळावयाची, हा आमच्या घराण्यांतला प्रघात. माउलींनी मुलगा कचेरीत गेल्याची संधी साधून चिंच आणि रांगोळी यांच्या साहाय्याने त्याच्या पेटीतल्या एडवर्डकालीन पेन्यांचा एक अख्खा कप्पा सोन्यासारखा लखलखीत केला आणि तो संध्याकाळी दाराशी येताच कौतुकाने सांगितले, “अरे, किती रे काळवंडली होती ही! आता बघ. आता कुठल्याही दुकानात दे, कुणी नको म्हणायचं नाही.” स्नेही काही बोलले नाहीत. मातृऋण हे नाण्यांत फेडता येत नाही असे आपले शास्त्र सांगते. त्यांच्या बाबतीत ते फिटले असावे असा माझा अंदाज आहे.

अवस्थेइतकेच महत्त्व दुर्मिळतेला. आणि दुर्मिळता बहुधा कोणाच्या तरी आळसातून, हट्टातून अथवा गफलतीतून जन्मास येते. १९३३ सालच्या पेनीचे उदाहरण घ्या. त्या साली बँकांपाशी पेन्या इतक्या साठल्या होत्या की नव्या पाडण्याची गरजच पडली नाही. तरी काही इमारतींच्या कोनशिलांखाली त्या वर्षीची नाणी पुरण्याचा रिवाज पाळावयाचा होता, म्हणून टांकसाळीने अवघ्या सात-एक पेन्या पाडल्या. चलनात एकही सोडली नाही. ही वार्ता लोकांत पसरल्यावर पुढील कित्येक वर्षे सबंध राष्ट्र आपल्या खिशातला खुर्दा उलथापालथा करून, मुळात तेथे कधी नव्हतेच ते नाणे शोधीत राहिले. लंडन विद्यापीठाच्या सिनेट हाऊसखाली एक पेनी पुरलेली आहे. लीड्स शहरातील दोन चर्चच्या पायातही एकेक होती. १९७० साली चोरांनी त्यांपैकी मिडल्टनच्या चर्चची कोनशिला उचकटून आतली नाणी लांबविली. हे ऐकून बिशपांनी दुसऱ्या चर्चची पेनी रीतसर बाहेर काढवून विकून टाकण्याचा हुकूम दिला. चोराने देवाच्या पायाखालची पेनी काढली तर ती चोरी आणि धर्माधिकाऱ्याने काढली तर ती खबरदारी, हा भेद कायद्यास मान्य आहे. पेनीला तो कळला असेल किंवा कसे, हे सांगवत नाही.

हट्टातून निर्माण झालेल्या दुर्मिळतेचा मुकुटमणी म्हणजे आठवा एडवर्ड. हा राजा २० जानेवारी १९३६ रोजी गादीवर आला आणि प्रेमापायी त्याच वर्षी ११ डिसेंबरला ती सोडून गेला, हे सर्वश्रुत आहे. परंतु मधल्या काळात त्याने टांकसाळीशी जो वाद घातला तो तितका सर्वश्रुत नाही. दुसऱ्या चार्ल्सच्या काळापासून असा दंडक चालत आला होता की, प्रत्येक नव्या राजाने नाण्यावर आपल्या पूर्वजाच्या उलट दिशेला तोंड करावे. पिता पाचवा जॉर्ज डावीकडे पाहत होता. तस्मात् पुत्राने उजवीकडे पाहणे प्राप्त होते. पण एडवर्डच्या डोक्यावरचा भांग पडे डाव्या बाजूस, आणि आपला चेहरा त्याच बाजूने अधिक शोभतो अशी त्याची दृढ समजूत होती. साम्राज्याच्या परंपरेपुढे भांग जिंकला. नमुन्याची नाणी तयार झाली आणि ती जारी होण्याच्या आतच महाराज पायउतार झाले. मागून आलेल्या धाकट्या भावाचे तोंड कोणत्या दिशेस करावयाचे हा पेच टांकसाळीने अशा खुबीने सोडविला की, थोरल्याचे नाणे निघालेच होते आणि त्यात तो नियमाप्रमाणे उजवीकडेच पाहत होता असे मनाशी धरून सहाव्या जॉर्जला डावीकडे पाहावयास लावले. जे घडले नाही ते घडले असे मानून दफ्तर स्वच्छ ठेवण्याची ही कला आम्हीही पुढे त्याच राज्यकर्त्यांकडून शिकलो. या एडवर्डचे एक सॉव्हरिन २०२० साली १० लक्ष पौंडांस विकले गेले. त्याने गादी इमानाने चालविली असती, तर त्याच सॉव्हरिनला सोन्याच्या भावापलीकडे फारसे कोणी काही दिले नसते.

राहिली गफलत. १८४९ साली निघालेल्या फ्लोरिनवर राणीच्या नावापुढे ‘ईश्वरकृपेने’ या अर्थाची लॅटिन अक्षरे घालावयाची राहून गेली, तेव्हा धर्मनिष्ठांनी त्यास ‘देवहीन फ्लोरिन’ ठरविले. १८८७ च्या ज्युबिलीचे नवे सिक्सपेन्स मागील बाजूने सोन्याच्या अर्ध्या सॉव्हरिनसारखे दिसे. लुच्च्यांनी त्यास सोन्याचा मुलामा देऊन सहा पेन्सचे दहा शिलिंग करण्याचा धंदा आरंभिला आणि सरकारास ते नाणे मागे घ्यावे लागले. ‘मागे घेतले’ हे ऐकताच ज्याच्या हाती ते होते त्या प्रत्येकाने ते पुढे महाग होईल म्हणून जपून ठेवले. सर्वांनीच जपल्यामुळे आज ते उत्तम अवस्थेत विपुल मिळते आणि स्वस्त मिळते. अलीकडे, २००८ साली, २० पेन्सच्या नाण्यावरचे साल मागच्या बाजूवरून पुढच्या बाजूवर हलविण्याचे ठरले. ठशांच्या जोड्या लावणाऱ्या कोणी तरी जुनी पुढची बाजू आणि नवी मागची बाजू एकत्र बसविली, आणि तीनशेंहून अधिक वर्षांत प्रथमच ब्रिटिश नाणे जन्मतिथीविना बाजारात आले. साल लिहिलेल्या २० पेन्सना अद्याप २० पेन्सच मिळतात. जे लिहावयाचे राहिले त्याला मात्र पटींनी किंमत येते.

इतके जाणून घेतल्यावर मनुष्य विक्रेत्याच्या दारी जातो, आणि तेथे त्याला या विद्येचे व्यावहारिक अंग कळते. छापील सूचीत प्रत्येक नाण्यापुढे अवस्थेनुसार किमतींचे रकाने असतात. परंतु ती किंमत विक्रेत्याने घ्यावयाची, द्यावयाची नव्हे, हे त्या ग्रंथात वाचावे लागत नाही, अनुभवाने समजते. नाणे जेव्हा दुकानाच्या कपाटातून बाहेर येते तेव्हा राणीच्या गालावरचा डाग हे प्राचीनत्वाचे तेज असते, कडेचा खळगा टांकसाळीतलाच असतो, आणि एकंदर अवस्था ‘व्हेरी फाइनहून सरस’ असते. तेच नाणे आपल्या खिशातून त्याच दुकानात परत गेले की मुलगी दाखविण्याच्या समारंभातल्या वरपक्षाची नजर दुकानदाराच्या भिंगात उतरते, आणि रंग सावळा, उंची बेताची, कडेला दुखापत, असे एकेक दूषण निघू लागते. लिलावात जावे तर हातोडा पडल्यावर घेणाऱ्याकडूनही दस्तुरी आणि देणाऱ्याकडूनही दस्तुरी. आमच्या जुन्या अमदानीत पोतदार नाणे पारखी आणि सराफ बट्टा कापी. तेव्हा त्यांना शिव्या देणाऱ्या आमच्या पूर्वजांनी हे लिलाव पाहिले असते, तर त्यांना पोतदाराविषयी आदर वाटू लागला असता. या सगळ्या तंट्यावर अमेरिकनांनी उपाय काढला तो असा की, तज्ज्ञांकडून नाण्याला ७० पैकी गुण द्यावयाचे आणि ते पारदर्शक डबीत कायमचे सील करावयाचे. म्हणजे आता बोटाचा स्पर्शही नको; चिंच-रांगोळीचे भय नाही; आणि तंटा नाण्याविषयी न होता गुणांविषयी होतो.

या कथेत मुंबईचे स्थान गौण नाही. दुसऱ्या चार्ल्सला पोर्तुगीज वधूबरोबर आंदण मिळालेले हे बेट त्याने १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीला वार्षिक १० पौंड भाड्याने देऊन टाकले. कंपनीने तेथे टांकसाळ घालून पहिल्याप्रथम ‘अँग्लिना’, ‘कॉपरून’ आणि ‘टिनी’ अशा लाडक्या नावांची चांदीची, तांब्याची व कथलाची नाणी पाडली. आसपासच्या मुलखातल्या व्यापाऱ्यांना मात्र सुरती रुपया ओळखीचा. तेव्हा ज्या कंपनीस पुढे बादशाही गिळावयाची होती तिने दीर्घ काळ बादशहाच्याच नावाने रुपये पाडले. पुढे महायुद्धात सोन्याची ने-आण कठीण झाल्यामुळे १९१८ साली लंडनच्या टांकसाळीची एक शाखाच मुंबईत निघाली. तिने त्या एका वर्षी पाडलेल्या सॉव्हरिनवर सेंट जॉर्जच्या घोड्याखाली, सालाच्या माथ्यावर, बारीक ‘आय’ हे अक्षर आहे. आजीच्या पुतळ्यांबरोबर ठेवलेली एखादी ‘गिनी’ ही वास्तविक सॉव्हरिन असते, आणि तिच्यावर हे अक्षर आढळले तर ती मुंबईची माहेरवाशीण समजावी. १९११ च्या रुपयावर पाचव्या जॉर्जच्या गळ्यातल्या साखळीतील हत्तीची सोंड आखूड निघाल्यामुळे तो डुक्कर दिसू लागला. प्रजेत कुजबूज होताच सरकारने रुपये मागे घेऊन बहुतेक सर्व वितळविले आणि पुढील साली सोंड लांबविली. जे थोडे वाचले ते आज चढ्या किमतीस जातात.

तात्पर्य, या बाजारात श्रीमंत होण्याचा मार्ग म्हणजे आजोबांनी नाणे खर्च करावयास विसरणे, वडिलांनी ते मोडावयास विसरणे आणि घरातल्या कोणीही ते धुऊन न काढणे. यांपैकी एकही गोष्ट ऐनवेळी ठरवून करता येत नाही. तरीही वाचकांपैकी कोणाच्या देवघरात लक्ष्मीपूजनाचा राणीछाप रुपया असेल, तर यंदा त्यास हळदकुंकू वाहावे, नमस्कार करावा आणि पुसूनही न काढता तसाच डबीत ठेवावा. तो यापूर्वीच चिंचेने घासला गेला असेल तर हळहळ करू नये. त्यात जवळजवळ तोळाभर चांदी आहे, आणि सराफ तिचे पैसे देतो.